व्हिममध्ये एकाच वेळी अनेक फाइली : एकीतून दुसरीत जावे कसे?

मुद्रितशोधिका

नमस्कार. मी सांगलीत घरी बसून मुद्रितशोधनाचे काम करते. सध्या एका ग्रंथाची चौदा प्रकरणे माझ्याकडे आहेत. प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र मजकूर-फाइल असून त्या सर्व फाइली काम देणाऱ्या संस्थेच्या सर्व्हरवर आहेत. एसएसएचने (दूरच्या संगणकात आपल्या टर्मिनलमधून शिरण्याच्या सोयीने) तेथे शिरायचे, काळ्या पडद्यावरच दुरुस्त्या करायच्या आणि फाइली आपल्या संगणकावर उतरवून घ्यायच्या नाहीत, असा तेथला दंडक आहे. मजकूर दुरुस्त करण्याचा प्रोग्रॅम म्हणून व्हिम तेवढा दिलेला आहे. तो मी जेमतेम शिकले आहे, म्हणजे लिहिणे, खोडणे, शोधणे, जतन करणे आणि बाहेर पडणे इतकेच मला येते.

अडचण अशी आहे की प्रकरणे एकमेकांत गुंतलेली आहेत. सातव्या प्रकरणात एखाद्या गावाचे नाव आले, की तिसऱ्यात ते कसे लिहिले होते हे पाहावे लागते. त्यासाठी मी सातवे जतन करून बंद करते, तिसरे उघडते, नाव पाहते, तिसरे बंद करते आणि सातवे पुन्हा उघडते. दिवसातून पन्नास वेळा ही येरझार होते, आणि फाइल एकदा बंद झाली की आधी केलेला बदल ‘यू’ दाबून मागे घेता येत नाही, हे दुखणे वेगळेच.

मागच्या आठवड्यात व्हिममधूनच ‘:ई’ आणि पुढे दुसऱ्या फाइलीचे नाव देऊन पाहिले. तेव्हा ‘ई३७’ क्रमांकाची चूक आली, बदल जतन झालेले नाहीत असा तिचा अर्थ होता, आणि पुढे कंसात उद्गारचिन्ह जोडावे असेही सुचवले होते. मी ते मुकाट्याने जोडले. दुसरी फाइल उघडली खरी, पण पहिलीतल्या तासाभराच्या दुरुस्त्या गेल्या. तेव्हापासून मी दोन टर्मिनल उघडून दोन व्हिम चालवते. मात्र एकातला परिच्छेद माउसने उचलून दुसऱ्यात टाकला, की पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी तुटतात आणि मग त्या जोडत बसावे लागते.

बफर, विंडो आणि टॅब हे तीन शब्द सगळीकडे वाचले, पण यांतले नेमके काय वापरायचे ते उमगले नाही. सर्व प्रकरणे एकदम उघडी ठेवून त्यांत ये-जा कशी करावी, एकातला मजकूर दुसऱ्यात कसा न्यावा, आणि एकच चूक चौदाही ठिकाणी कशी सुधारावी, हे कोणी समजावून सांगेल का? आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. उत्तरेही तशीच मिळाली तर मला वाचायला सोपे जाईल.

जुना प्रशासक

ताई, आधी त्या उद्गारचिन्हाविषयी, कारण ते पुन्हा दगा देईल. ‘:ई!’ आणि पुढे नाव याचा अर्थ ‘हातातल्या फाइलीतले बदल टाकून दे आणि ही दुसरी उघड’ असा आहे. ती सूचना म्हणजे सल्ला नव्हता, अधिकार वापरायचा असेल तर तो कसा वापरावा एवढेच तिने सांगितले होते. गेलेल्या दुरुस्त्या आता परत मिळणार नाहीत, कारण फाइल अशी सोडून दिली की तिची स्वॅप फाइलही (जतन न झालेले बदल व्हिम जिच्यात तात्पुरते ठेवतो ती) व्हिम पुसून टाकतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आपण प्रत्येक फाइलीसाठी व्हिम उघडत आहात, आणि सगळा त्रास तेथूनच सुरू होतो. व्हिम एकदाच उघडावा आणि फाइली त्याच्या आत बोलवाव्यात. सर्व्हरवरच्या त्या डिरेक्टरीत जाऊन ‘व्हिम’ आणि पुढे ‘प्रकरण-*’ असे लिहिले, की चौदाही नावे एकाच व्हिमला मिळतात. पडद्यावर दिसते ते फक्त पहिले प्रकरण. बाकीची यादीत असतात आणि आपण तेथे जाईपर्यंत स्मृतीत वाचली जात नाहीत.

स्मृतीत असलेला फाइलीचा मजकूर म्हणजे बफर. तो मजकूर ज्या चौकटीतून आपण पाहतो ती विंडो. अशा एक किंवा अनेक चौकटींची पडद्यावरची मांडणी म्हणजे टॅब. विंडो बंद केली म्हणून बफर यादीतून जात नाही, आणि एकच बफर दोन विंडोंतून एकाच वेळी पाहता येतो. लांबलचक प्रकरणाचा आरंभ आणि शेवट समोरासमोर ठेवायचा असेल तर याचा फार उपयोग होतो. ब्राउझरच्या सवयीमुळे टॅब म्हणजे फाइल असे वाटते, आणि निम्मे नवशिके तेथेच अडखळतात. व्हिममध्ये टॅब आले ते २००६ मध्ये, सातव्या आवृत्तीत. व्हिम मात्र १९९१ पासून लोकांच्या हाती आहे. म्हणजे पंधरा वर्षे लोक टॅबविना पुष्कळ फाइली हाताळत होते. आपल्या कामाला बफर पुरेसे आहेत, असे माझे मत आहे.

बफरांची यादी ‘:एलएस’ या आज्ञेने दिसते. प्रत्येक ओळीत आधी क्रमांक, मग काही खुणा, मग फाइलीचे नाव आणि शेवटी ओळ-क्रमांक असतो. % ही खूण हातातल्या फाइलीची, # ही याच्या आधी जिच्यात होतो तिची, आणि + ही खूण असेल तर त्या बफरातले बदल अजून जतन झालेले नाहीत असे समजावे. अद्याप न उघडलेल्या प्रकरणांपुढे ओळ शून्य दिसेल, त्याने घाबरू नये. सातव्या बफराकडे जाण्यासाठी ‘:बी ७’ लिहावे. क्रमांक लक्षात नसेल तर ‘:बी’ लिहून नावाचा एखादा तुकडा द्यावा आणि टॅबची कळ दाबावी, नाव पूर्ण होते. ‘:बीएन’ने पुढचा आणि ‘:बीपी’ने मागचा बफर येतो, पण चौदा फाइलींत एकेक पायरी चढत-उतरत जाण्यापेक्षा क्रमांक देणे बरे.

आपल्या त्या पन्नास येरझारांवरचा खरा उपाय मात्र वेगळाच आहे, तो म्हणजे कंट्रोल धरून ६ ची कळ. सातव्यातून तिसऱ्यात गेलात, नाव पाहिलेत, आता कंट्रोल-६ दाबा. सातव्यात, सोडले होते त्याच ओळीवर याल. पुन्हा दाबा, तिसऱ्यात. यादीत # खूण ज्या बफरावर असते तोच हा. ही सोय व्हिमची नव्हे, त्याच्या पूर्वजाची आहे. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये लिहायला घेतलेल्या व्हीआयमधून ती चालत आली आहे. दिवसभरातल्या माझ्या फाइल-बदलांपैकी बहुतेक या एका कळीवर होतात.

हे सगळे सुरळीत चालण्यासाठी एक सेटिंग आवश्यक आहे. साध्या व्हिममध्ये बदल केलेला बफर जतन न करता सोडता येत नाही, आणि ‘ई३७’ येते ती त्यामुळेच. ‘:सेट हिडन’ केले की असा बफर न पुसता मागे लपवून ठेवला जातो. त्याचे बदलही राहतात आणि ‘यू’ने मागे जाण्याची सोयही राहते. निओव्हिममध्ये, म्हणजे व्हिमपासून निघालेल्या वेगळ्या शाखेत, ०.६ आवृत्तीपासून हे मुळातच चालू असते. व्हिममध्ये ते कायम हवे असेल तर आपल्या होम डिरेक्टरीतील ‘.व्हिमआरसी’ या फाइलीत ती ओळ कोलनशिवाय लिहून ठेवावी. येथे एक खोच आहे. आपली अशी फाइल अस्तित्वातच नसेल, तर आठव्या आवृत्तीपासून व्हिम काही सोयी स्वतःहून चालू करतो, आणि फाइल उघडताच कर्सर जुन्या जागी नेणे ही त्यांतलीच एक. आपण ‘.व्हिमआरसी’ तयार केली की त्या सोयी गळून पडतात. त्या टिकवण्यासाठी पहिल्या ओळीत काय लिहायचे ते ‘:हेल्प डिफॉल्ट्स.व्हिम’ येथे आयते दिलेले आहे.

लपलेले बफर विसरले जातील ही भीती रास्त आहे. पण शेवटी ‘:क्यूए’ने सगळे बंद करू पाहिले, की जतन न झालेल्या पहिल्या बफरासमोर व्हिम आपल्याला आणून उभे करतो आणि ‘ई१६२’ देऊन थांबतो. सगळे एकदम जतन करायला ‘:डब्ल्यूए’ आहे. दर अर्ध्या तासाला ते करावे.

मजकूर नेण्याचे आता निराळे काही सांगायला नको. परिच्छेदावर ‘वायएपी’ दाबून तो उचलावा, कंट्रोल-६ने दुसरीकडे जावे आणि ‘पी’ दाबावे. उचललेला मजकूर व्हिमच्या रजिस्टरात असतो आणि रजिस्टर सर्व बफरांना सामाईक असते, त्यामुळे पडद्याच्या रुंदीचा येथे संबंधच येत नाही.

मुद्रितशोधिका

आपले मनापासून आभार. कंट्रोल-६ लगेच करून पाहिले आणि हायसे वाटले.

दोन ठिकाणी मात्र अडले. पहिले असे की, सर्व जतन करून मी नेहमीच्या सवयीने ‘:डब्ल्यूक्यू’ केले, तर ‘ई१७३’ क्रमांकाची चूक आली आणि अजून १३ फाइली संपादित करायच्या आहेत असे सांगण्यात आले. मला त्या आज करायच्याच नव्हत्या. दुसरे असे की, मराठी लिहून झाल्यावर एस्केप दाबते आणि कोलनसाठी बोटे टाकते, तर कोलनऐवजी ‘छ’ येतो. मी इन्स्क्रिप्ट कळफलक वापरते. दर वेळी कळफलक बदलायला विसरतेच.

कळफलक

‘छ’ वाचून हसू आले, कारण मीही इन्स्क्रिप्टवालाच आहे. त्याविषयी शेवटी लिहितो, आधी ‘ई१७३’.

व्हिमला आपण चौदा नावे देऊन सुरू केले, तेव्हा बफरांच्या यादीबरोबर आणखी एक यादी तयार झाली. तिला आर्ग्युमेंट यादी म्हणतात. ‘:आर्ग्ज’ (ए-आर-जी-एस) लिहिले की ती दिसते आणि हातातले नाव चौकटी कंसात असते. बफरांच्या यादीत तुम्ही मध्येच डोकावलेली कोणतीही फाइल येऊन बसते. आर्ग्युमेंट यादीत मात्र तुम्ही काम म्हणून हाती घेतलेल्या फाइलीच असतात, आणि त्या ठरवलेल्या क्रमाने असतात. यादीतली शेवटची फाइल उघडण्याआधीच तुम्ही निघालात, म्हणून व्हिमने हटकले. लगेच तीच आज्ञा पुन्हा दिली तर तो जाऊ देतो. ‘:क्यूए’ने मात्र सगळ्यांतून एकदम बाहेर पडता येते आणि हे हटकणे टळते.

ही यादी मुद्रितशोधनासाठीच केली आहे की काय, असे वाटावे इतकी सोयीची आहे. क्रमाने वाचत जायचे असेल तेव्हा एक प्रकरण संपले की ‘:डब्ल्यूएन’ लिहावे. ते जतन होते आणि पुढचे उघडते. ‘:एन’ने नुसते पुढे आणि ‘:प्रेव्ह’ने मागे जाता येते.

चौदाही प्रकरणांत एकच चूक सुधारण्याचे काम याच यादीवर होते. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आलेल्या मजकुरात ‘शुध्द’, ‘प्रसिध्द’, ‘युध्द’ असे उलटे जोडाक्षर जागोजागी असते, ते तुमच्याकडेही असणारच. मराठीत ‘ध्द’ असे जोडाक्षर बरोबर असल्याचा शब्द मला तरी आठवत नाही, त्यामुळे ते डोळे मिटून बदलता येते:

:आर्गडू %एस/ध्द/द्ध/जीई | अपडेट

‘आर्गडू’ (ए-आर-जी-डी-ओ) म्हणजे पुढची आज्ञा यादीतल्या प्रत्येक फाइलीवर चालव. टक्क्याचे चिन्ह म्हणजे संपूर्ण फाइल. ‘जी’मुळे एका ओळीतल्या सगळ्या जागा बदलतात. त्यामागचा ‘ई’ विसरू नका. एखाद्या प्रकरणात ते जोडाक्षर नसले, की ‘ई’ नसताना व्हिम ती चूक मानतो आणि तेथेच थांबतो, पुढची प्रकरणे तशीच राहतात. माझे एकदा पाचव्या प्रकरणावर असे थांबले होते आणि ते मला छापील प्रतीत कळले. उभ्या रेघेनंतरचे ‘अपडेट’ बदललेली फाइल जतन करते आणि न बदललेलीला हात लावत नाही.

सगळ्याच चुका अशा आंधळेपणाने सुधारता येत नाहीत. ‘आशिर्वाद’चे ‘आशीर्वाद’ बिनदिक्कत करावे. पण ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन्ही शब्द मराठीत आहेत, तेथे ‘जीई’ला ‘सी’ जोडून ‘जीईसी’ करावे, म्हणजे प्रत्येक जागी व्हिम विचारतो आणि तुम्ही वाय किंवा एन दाबून ठरवता. हा प्रश्न विचारला जातो तेव्हा कळफलक इंग्रजीवर असला पाहिजे, नाहीतर वायच्या जागी ‘ब’ जातो आणि व्हिम ढिम्म हलत नाही.

बदलायचे नसून फक्त पाहायचे असेल, म्हणजे अमुक गावाचे नाव कोठे कोठे आले आहे इतकेच, तर ‘:व्हिमग्रेप /नाव/ ##’ लिहावे. जोडीने आलेले ## म्हणजे संपूर्ण आर्ग्युमेंट यादी. नंतर ‘:कोपन’ने (सी-ओ-पी-ई-एन) खाली एक विंडो उघडते, तीत फाइल, ओळ-क्रमांक आणि ती ओळ असे सगळे उल्लेख दिसतात, एखाद्यावर एंटर दाबले की त्या प्रकरणात त्या ओळीवर पोहोचता. ‘:सीएन’ने पुढचा उल्लेख. सातवे सोडून तिसऱ्यात नाव शोधायला जाण्याची तुमची गरजच यामुळे बरीच कमी होईल.

आता ‘छ’. इन्स्क्रिप्ट चालू असताना एस्केपनंतर दाबलेली प्रत्येक कळ व्हिमला देवनागरी अक्षर म्हणून मिळते. कर्सर हलवणाऱ्या एच, जे, के, एल या चार कळा अनुक्रमे प, र, क, त होतात, आणि व्हिमला ‘परकत’ कळत नाही. यावर उपाय असा की, संगणकाचा कळफलक इंग्रजीवरच ठेवावा आणि मराठीचे काम व्हिमकडे सोपवावे. त्यासाठी ‘कीमॅप’ नावाची सोय आहे. होम डिरेक्टरीतल्या ‘.व्हिम’मध्ये ‘कीमॅप’ या डिरेक्टरीत एक साधी फाइल करायची, तीत ‘लोडकीमॅप’ या ओळीखाली डाव्या स्तंभात इंग्रजी कळ आणि उजव्यात मराठी अक्षर असे लिहीत जायचे, आणि मग ‘:सेट कीमॅप=’ पुढे त्या फाइलीचे नाव द्यायचे. मराठी अक्षरे तेव्हा फक्त लिहिताना उमटतात. एस्केप दाबताच कळा पुन्हा इंग्रजी होतात आणि कोलनच्या जागी कोलन येतो.

गंमत म्हणजे, लिहिण्याच्या अवस्थेत मराठी चालू-बंद करण्याची कळ कंट्रोल-६ हीच आहे. कोलनच्या ओळीतही ती चालते, त्यामुळे वरच्या आज्ञेत तिरप्या रेघेनंतर ती दाबून ‘ध्द’ लिहायचे आणि पुन्हा दाबून ‘जीई’ लिहायचे. एस्केपनंतर मात्र तीच कळ फाइल बदलते. पहिले दोन दिवस गोंधळ होतो.

रात्रपाळी

वरील दोघांच्या उत्तरांत चूक काहीच नाही, पण मी काम वेगळ्या रीतीने करतो आणि ती रीतही येथे नोंदवावीशी वाटते. एकच व्हिम आणि चौदा लपलेले बफर ही कल्पना मला मानवत नाही. जे दिसत नाही ते माझ्या ध्यानात राहत नाही. मी सर्व्हरवर टीमक्स (एका टर्मिनलात अनेक खिडक्या चालवणारा प्रोग्रॅम) चालवतो आणि त्यात प्रत्येक प्रकरणासाठी वेगळी खिडकी उघडून वेगळा व्हिम ठेवतो. खालच्या पट्टीत सर्व खिडक्यांची नावे कायम दिसतात, कंट्रोल-बी आणि मग खिडकीचा आकडा दाबला की तेथे पोहोचता येते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घरची वीज गेली किंवा इंटरनेट तुटले तरी सर्व्हरवरचे टीमक्स चालूच राहते आणि पुन्हा जोडणी झाल्यावर ‘टीमक्स अटॅच’ म्हटले की कर्सर होता तेथेच सापडतो. सांगलीत पावसाळ्यात याचे मोल काय आहे हे मी वेगळे सांगायला नको.

जुना प्रशासक

टीमक्सविषयी पूर्ण सहमत आहे. ते मी आधीच सुचवायला हवे होते. जोडणी तुटल्यावर हाती स्वॅप फाइल उरते हे खरे, पण ती २०० अक्षरे झाल्यावर किंवा हात ४ सेकंद थांबल्यावर लिहिली जाते, आणि पुन्हा उघडताना येणारा तो लांबलचक इशारा वाचून ‘आर’ दाबून मजकूर परत मिळवण्याचा उपद्व्याप ताईंच्या माथी मारण्यात अर्थ नाही. टीमक्स असावे.

त्याच्या आत चौदा व्हिम मात्र नसावेत. वेगवेगळ्या व्हिमांचे रजिस्टर वेगवेगळे असते; एकात ‘वायएपी’ने उचललेला परिच्छेद दुसऱ्यात ‘पी’ दाबून येत नाही, म्हणजे पुन्हा माउस आला आणि पुन्हा तुटक्या ओळी आल्या. ‘आर्गडू’ आणि ‘व्हिमग्रेप’ची फळे फक्त एकाच व्हिमात पडतील. शिवाय सातवे प्रकरण चुकून दोन खिडक्यांत उघडले, तर स्वॅप फाइल सापडल्याचा ‘ई३२५’ हा इशारा येतो, आणि ‘तरीही संपादित कर’ हा पर्याय घाईत निवडला की ज्या खिडकीतून शेवटी जतन केले जाते तिचाच मजकूर उरतो. तेव्हा टीमक्सची एक खिडकी आणि तीत एक व्हिम.

‘दिसत नाही’ या आक्षेपाला उत्तर आहे. ‘:व्हीएसपी’ने पडदा उभा दुभंगतो, डावीकडे सातवे आणि उजवीकडे तिसरे ठेवता येते, आणि कंट्रोल-डब्ल्यू दाबून पुन्हा डब्ल्यू दाबले की या विंडोतून त्या विंडोत जाता येते. एकटी विंडो हवी असेल तेव्हा कंट्रोल-डब्ल्यू आणि ओ. बाकीच्या विंडो बंद होतात, बफर यादीत राहतात. दोन विंडोंपलीकडे मी स्वतः जात नाही. तिसरी उघडली की मराठीच्या ओळी इतक्या अरुंद होतात की वाचवत नाही.

आणखी एक. शब्दसूची किंवा नावांची यादी अशी एखादी फाइल दिवसभर लागत असेल, तर तीत हव्या त्या ओळीवर एकदा ‘एम’ आणि मग मोठ्या लिपीतला ‘एस’ दाबून खूण करून ठेवावी. नंतर कोणत्याही प्रकरणातून एकेरी अवतरणचिन्ह आणि मोठा ‘एस’ दाबला की त्या फाइलीत, त्या ओळीवर. लहान लिपीतली खूण त्या त्या फाइलीपुरती असते, मोठ्या लिपीतली सर्व फाइलींत चालते आणि व्हिम बंद करून उघडल्यावरही राहते.

रात्रपाळी

रजिस्टरांचा मुद्दा मान्य. मला प्रकरणांत मजकूर हलवावा लागत नाही, म्हणून तो टोचला नव्हता.

मुद्रितशोधिका ताईंना एक सूचना: फाइलींची नावे देवनागरीत असतील तर बदलून घेता आली तर पाहा. लिनक्सची त्याला हरकत नसते, पण ‘:बी’ इंग्रजीत आणि नाव मराठीत असे दर वेळी करावे लागते. इंग्रजी अक्षरे आणि ०१ ते १४ असे दोन अंकी आकडे ठेवावेत. नुसते १, २ ठेवले तर ‘प्रकरण-*’ म्हटल्यावर १ नंतर १० येते आणि आर्ग्युमेंट यादीचा क्रम बिघडतो.

मुद्रितशोधिका

सर्वांचे आभार. नावे बदलण्याची परवानगी मिळाली नाही, परंतु ती सुदैवाने इंग्रजीत आणि दोन अंकीच निघाली. टीमक्स तेथे आधीपासून होते, मला ठाऊकच नव्हते. काल दिवसभर एकच व्हिम उघडा ठेवून काम केले. दुपारी दोनदा जोडणी तुटली आणि दोन्ही वेळा सातवे प्रकरण होते तसे समोर आले.

‘ध्द’ची आज्ञा आधी प्रकरणांच्या नकलांवर चालवली, चौदा प्रकरणे एका मिनिटात झाली, मग मूळ फाइलींवर चालवली. ‘दिन’साठी ‘जीईसी’ केले आणि अपेक्षेप्रमाणे पहिल्याच प्रश्नाला ‘ब’ दिला.

म्हणून काल रात्री कीमॅपची फाइल लिहायला बसले. कळ, अक्षर, कळ, अक्षर असे करत सगळे स्वर, व्यंजने आणि काने-मात्रे घातले आणि आज सकाळी त्यावर पहिला परिच्छेद लिहिला. ‘मुळात’ हा शब्द लिहिला तेव्हा मधल्या ‘ळ’च्या जागी मोठ्या लिपीतला इंग्रजी ‘एन’ उमटला. शिफ्ट धरून दाबायच्या कळांतली ती एक ओळ राहून गेली होती. ती घातली. आता ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ यांना वेगळ्या ओळी द्याव्यात की नेहमीप्रमाणे हलन्त देऊन जोडावेत, एवढे कळफलक यांनी सांगावे.

कळफलक

इन्स्क्रिप्टमध्ये दोन्हींना शिफ्टसह अंकांच्या ओळीत स्वतंत्र कळा आहेत, ‘क्ष’ सातवर आणि ‘ज्ञ’ पाचावर. उजव्या स्तंभात एकाहून अधिक वर्ण चालतात, तेव्हा क, हलन्त, ष असे सलग लिहून टाका. मात्र शिफ्टसह पाच म्हणजे टक्क्याचे चिन्ह. कोलनच्या ओळीत ‘%एस’ लिहिताना कीमॅप बंद आहे ना, हे पाहून घ्या. नाहीतर आज्ञेच्या आरंभीच ‘ज्ञ’ येईल.